संगणकशास्त्र विभागात विद्यार्थी प्रतिनिधीसाठी उभं राहावं का?

कंदील

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

मी एम.एस्सी. संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे, पुण्यातल्या एका विद्यापीठाच्या विभागात (नाव मुद्दाम लिहीत नाही). गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. वर्गात ५८ जण आहोत. येत्या पंधरा दिवसांत विद्यार्थी प्रतिनिधी निवडायचा आहे आणि मतदान वर्गातच होणार आहे.

उभं राहायचं डोक्यात आलं ते लॅबमुळे. आमची लॅब सहाला बंद होते. पावणेसहा वाजले की लॅबमधले मामा मागच्या रांगेपासून एकेक मॉनिटर बंद करत पुढे येतात. माणूस चांगला आहे, त्यांना सहा दहाची बस गाठायची असते. गेल्या मंगळवारी माझ्या शेजारच्या मुलाचं मशीन लर्निंगचं मॉडेल ट्रेन होत होतं, शेवटचे दोन राउंड राहिले होते. त्याने "मामा, फक्त दहा मिनिटं" म्हणून हात जोडले. मामांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, किल्ल्यांचा जुडगा हातात घेतला आणि काही न बोलता त्याच्या खुर्चीमागे उभे राहिले. शेवटी त्या मुलानेच कंट्रोल-सी दाबून चालू प्रोग्राम थांबवला. तीन तासांचं काम गेलं. त्याच्याकडे स्वतःचा लॅपटॉप नाही. माझ्याकडेही नाही.

ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांना हा प्रश्न दिसतच नाही, म्हणून तो कोणी मांडतही नाही. मला वाटतं, मी मांडू शकेन. पण मैत्रिणी म्हणतात, प्लेसमेंट तोंडावर असताना हे लष्कराच्या भाकऱ्या भाजणं आहे. आणखी दोघं उभे आहेत. एक वर्गात पहिला येणारा, सगळ्या सरांना माहीत असलेला. दुसऱ्याच्या मागे एक संघटना आहे. मला चारचौघांत बोलायची सवय नाही.

उभं राहू का? आणि राहिले तर नेमकं काय करू?

घाटमाथा

राहा. एवढं नीट लिहिता येतंय म्हणजे बोलताही येईल.

मधली_सुट्टी

मी दोन वर्षं सीआर (वर्ग प्रतिनिधी) होतो, इंजिनिअरिंगला. खरं सांगतो, नका राहू. पहिल्या आठवड्यात वाटतं आपण वर्गाचा आवाज आहोत. तिसऱ्या आठवड्यापासून आपण फक्त निरोप्या. "सीआर, उद्या लेक्चर आहे का?" "सीआर, सबमिशन पुढे ढकलून आण." "सीआर, जर्नलवर सही कोण करणार?" रात्री दीड वाजता फोन. सरांना वाटतं आपण मुलांना भडकवतो, मुलांना वाटतं आपण सरांचे चमचे. व्हायवाच्या दिवशी बाहेरच्या परीक्षकांचा चहा-नाश्ता आणायलाही मीच गेलो होतो आणि त्या गडबडीत माझी स्वतःची ओरल शेवटच्या नंबरवर गेली.

ज्यासाठी उभा राहिलो होतो ते कामही झालं नाही. निकालानंतर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायला मुदत कमी मिळायची, ती वाढवून हवी होती. "वरून कळवतील" म्हणाले. अजून कळवताहेत.

पिंपळपान

मधली_सुट्टी, तुम्ही अर्ज लेखी दिला होता का? आवक क्रमांक घेतला होता का?

मधली_सुट्टी

नाही. तोंडीच. तेव्हा सुचलंच नाही.

पिंपळपान

मग मुद्दा तिथेच आहे, दादा. तुमचं चुकलं असं म्हणत नाही, पण तोंडी मागणीला सरकारी व्यवस्थेत अस्तित्वच नसतं. दोन प्रती न्यायच्या, एक द्यायची, दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्यायची. मी दहा वर्षं एका महाविद्यालयाच्या कार्यालयात काम करते. शिक्का पडला की तो कागद कुणाच्या तरी टेबलावर राहतो आणि कधी ना कधी त्यावर काहीतरी लिहावंच लागतं.

जुना_वाडा

थोडा इतिहास सांगतो, कारण आजच्या मुलांना वाटतं की प्रतिनिधी म्हणजे हजेरी गोळा करणारा.

आमच्या वेळी, ऐंशीच्या दशकात, महाराष्ट्रात महाविद्यालयांच्या थेट निवडणुका व्हायच्या. पॅनेलं असायची, फाटकाबाहेर जीपगाड्या उभ्या राहायच्या. त्यातून चांगले कार्यकर्ते घडले आणि मारामाऱ्याही झाल्या. १९८९ मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला आणि वातावरण पालटलं. पुढे थेट निवडणुका बंद पडल्या. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात गुणांवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आली. वर्गात पहिला तो प्रतिनिधी. एका अख्ख्या पिढीने महाविद्यालयात मतपेटी पाहिलीच नाही.

म्हणून पोरी, तुझ्या वर्गात मतदान होतंय ही साधी गोष्ट समजू नकोस. उभी राहा.

अर्धविराम

जुना_वाडा काकांच्या पुढचं सांगतो. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात, कलम ९९ मध्ये, निवडून आलेली विद्यार्थी परिषद परत आली. अध्यक्ष, सचिव, विद्यार्थिनी प्रतिनिधी, राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी आणि प्रत्येक वर्गाचा प्रतिनिधी. २०१९ च्या पावसाळ्यात निवडणुका जाहीरही झाल्या होत्या. मग विधानसभा निवडणूक आली, त्या पुढे ढकलल्या गेल्या, आणि पाठोपाठ कोविड.

त्यामुळे कंदील, पहिलं काम हे करा: तुमचं मतदान या कायद्याखालचं आहे की विभागाने स्वतःच्या सोयीसाठी ठेवलं आहे, ते विचारा. विभागाचं असेल तर अधिकार विभागप्रमुख देतील तेवढेच. कायद्याखालचं असेल तर विद्यार्थी निवडणुकांसाठीच्या लिंगडोह समितीचे निकष बघून ठेवा. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्वीकारले. उमेदवाराची हजेरी ७५ टक्के, केटी (राहिलेला विषय) नको, खर्चाची मर्यादा ५,००० रुपये, छापील पोस्टर चालत नाही, हाताने केलेलंच लागतं.

कंदील

अर्धविराम, विचारलं. विभागाचंच आहे. सर म्हणाले, "विभाग समितीच्या बैठकीला प्रतिनिधीला बोलावतो, मत नसतं, बोलता येतं."

रातकिडा

बोलता येतं हे पुष्कळ आहे!

मी दिल्लीला जेएनयूत होतो, स्कूल ऑफ कॉम्प्युटर अँड सिस्टिम्स सायन्सेसमध्ये. बाहेर लोकांना वाटतं तिथे राजकारण म्हणजे फक्त समाजशास्त्रवाले. पण प्रत्येक स्कूलमधून विद्यार्थी संघावर काउन्सिलर निवडले जातात, तसे आमच्याकडूनही. निवडणूक घेतात विद्यार्थीच, निवडणूक आयोगही विद्यार्थ्यांचाच. लिंगडोह निकषांच्या वादात २००८ मध्ये न्यायालयाने तिथली निवडणूक थांबवली होती, ती २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाली. मी त्याच सुमाराला तिथे पोचलो.

संगणकवाल्यांना राजकारणात रस नसतो असं सगळे म्हणायचे, आम्हीही म्हणायचो. पण स्कूलच्या जनरल बॉडी मीटिंगमध्ये एक मुलगा उभा राहिला आणि त्याने एकच प्रश्न विचारला: रीडिंग रूममध्ये प्लग पॉइंट किती आहेत, कोणी मोजलेत का? उमेदवारांपैकी एकालाही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांतली एक उमेदवार वही घेऊन खोलीभर फिरली, पॉइंट मोजले, बंद किती तेही लिहिलं. तिने पोस्टरवर घोषणा लिहिलीच नाही, ते आकडे लिहिले. माझं मत तिलाच गेलं.

तेव्हा तुम्ही मोजायला लागा.

ओसरी

अवांतर: काउन्सिलरच्या प्रचाराला ढाब्यावरचा चहा कोण पाजायचं? 🙂

रातकिडा

ज्याचा पेपर चांगला गेला असेल तो! पक्षाचा प्रश्नच नाही.

शून्यापासून

माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट मांडतो. पहिल्या येणाऱ्या मुलाला निवडा. विभागात सर लोक कोणाचं ऐकतात? ज्याचं काम चांगलं त्याचं. लॅबची वेळ वाढवायला भाषण लागत नाही, वट लागते. कंदील, तुम्ही त्याला जाऊन भेटा, तुमचा मुद्दा त्याच्या तोंडून जाऊ द्या. काम होणं महत्त्वाचं ना?

तळटीप

शून्यापासून, मी तो पहिला येणारा मुलगा होतो. १९९४ च्या कायद्यातली नेमणूक. संगणकशास्त्रच, बी.एस्सी.चं तिसरं वर्ष. मला कोणी विचारलं नाही, मी कोणाला विचारलं नाही, सूचना फलकावर माझं नाव लागलं.

वर्षभर मी मनापासून काम केलं. ग्रंथालयात नवी पुस्तकं मागवली, अल्गोरिदमवर व्याख्यान ठरवलं, प्रश्नमंजूषा घेतली. सगळी माझ्या आवडीची कामं. मार्चमध्ये कळलं की वर्गातल्या सहा मुलांनी परीक्षेचा फॉर्मच भरला नव्हता. फीचा हप्ता थकला होता म्हणून कार्यालयाने फॉर्म घेतले नव्हते. त्यांतला एकजण माझ्या मागच्या बाकावर बसायचा. त्याने मला का सांगितलं नाही, हा प्रश्न मला आजही पडतो, आणि उत्तर एवढंच आहे की मी त्याचा प्रतिनिधी नव्हतो. त्याने मला निवडलं नव्हतं. माझ्याकडे यायचा हक्क आपल्याला आहे असं त्याला वाटलंच नाही.

मुद्दा दुसऱ्याच्या तोंडून जाईलही. पण पुढच्या वेळी ज्याचं मॉडेल बंद पडेल तो कोणाकडे जाईल? जिच्यासोबत तो रोज लॅबमध्ये बसतो तिच्याकडेच.

घाटमाथा

तळटीप यांना +१. हा प्रतिसाद वाखू (वाचनखूण) म्हणून साठवतोय.

शून्यापासून

तळटीप, तुमचं पटलं. वटेचा मुद्दा मी सोडत नाही, पण फॉर्मची गोष्ट डोक्यात राहील.

हिमकण

जर्मनीतून लिहितेय. इथे मास्टर्स करताना मी संगणकशास्त्राच्या फाखशाफ्टमध्ये होते. फाखशाफ्ट म्हणजे त्या विषयाचे सगळे विद्यार्थी, पण बोलताना त्यांच्या निवडून दिलेल्या प्रतिनिधींनाही तेच म्हणतात. विभागात त्यांची एक खोली असते, सोफा, कॉफीचं यंत्र आणि जुन्या प्रश्नपत्रिकांच्या फायली. नव्या मुलांचा पहिला आठवडा हेच लोक सांभाळतात. मी आले तेव्हा मला शहराची नोंदणी कुठे करायची इथपासून सगळं एका फाखशाफ्टवाल्या मुलाने दाखवलं होतं.

मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते प्राध्यापक निवडीचं. नवा प्राध्यापक घ्यायचा तर त्या समितीत विद्यार्थी बसतात. उमेदवार नमुना व्याख्यान देतो आणि शिकवणं कसं होतं यावर विद्यार्थ्यांचं मत घेतात. मी एकदा बसले होते. संशोधनाच्या यादीत ज्याचं नाव वर होतं त्याने फळ्याकडे तोंड करून पाऊण तास व्याख्यान दिलं. आम्ही दोघींनी तसंच लेखी कळवलं. त्यावर समितीत खरंच चर्चा झाली.

आणि तरीही इथे मतदानाला फार थोडे येतात. मीही पहिल्या वर्षी मत दिलं नव्हतं. नंतर लाज वाटली.

चौथी_मिती

मतदान कसं घेणार आहेत, हात वर करून की चिठ्ठीने? हे आधी ठरवून घ्या. सरांसमोर हात वर करायचे म्हटलं की पहिल्या येणाऱ्या मुलाच्या विरोधात अर्धे हात वर जाणारच नाहीत.

बायनरी_भाकरी

गूगल फॉर्म करा की. संगणकशास्त्र विभागात चिठ्ठ्या कसल्या!

चौथी_मिती

संगणकशास्त्र विभाग आहे म्हणूनच चिठ्ठ्या! फॉर्मने ईमेल गोळा केला तर मत गुप्त राहत नाही. नाही केला तर ज्याची दोन-तीन खाती आहेत त्याला तेवढी मतं टाकता येतात. आणि फॉर्म ज्याच्या खात्यावर, त्याला निकाल चालू मतदानातच दिसतो. कागदाची चिठ्ठी, रिकामा खोका, दोन मोजणारे, तिघांचा एकेक माणूस बघायला. पंधरा मिनिटांचं काम आणि शंकेला जागा नाही.

दुसरं. तीन उमेदवार आहेत म्हणजे मतं फुटणार. आपल्याकडे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघात असतं तसं पसंतीक्रमाने १, २, ३ लिहायला सांगा. समजा ५७ मतं पडली: अ ला २४, ब ला १९, क ला १४. साध्या मोजणीत अ जिंकला. पण अर्ध्याहून जास्त, म्हणजे २९, कोणालाच नाहीत. क बाद करून त्याच्या चिठ्ठ्यांवरची दुसरी पसंती पाहा. ११ ब कडे, ३ अ कडे. आता ब ३०, अ २७. वर्गाला ब जास्त मान्य होता, साध्या मोजणीत ते दिसलंच नसतं.

बायनरी_भाकरी

बरोबर, ईमेलचं लक्षात आलं नव्हतं. पण क ला बाद करण्यापेक्षा प्रत्येक जोडीची लढत मोजावी. डेबियन हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प आपला नेता निवडताना तसंच करतो, कोंडोर्से पद्धत. अ विरुद्ध ब, ब विरुद्ध क, अ विरुद्ध क. प्रत्येकाला हरवतो तो विजयी.

चौथी_मिती

आणि अ ने ब ला हरवलं, ब ने क ला, क ने अ ला, तर?

बायनरी_भाकरी

तर त्यासाठी शुल्झची रीत आहे. ग्राफ काढून सगळ्यात भक्कम वाट…

ओसरी

अहो, तिला पंधरा दिवसांत निवडणूक लढवायची आहे, शोधनिबंध नाही लिहायचा! 😄 वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.

जास्वंद

कंदील ताई, बोलायची भीती यावर कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी नांदेडहून पुण्याला आले तेव्हा "लै" म्हटलं की मागून कोणीतरी हसायचं. पहिली दोन वर्षं मी वर्गात तोंडच उघडलं नाही. तिसऱ्या वर्षी विद्यार्थिनी प्रतिनिधीसाठी उभी राहिले. भाषण इंग्रजीत पाठ केलं होतं. दुसऱ्याच वाक्याला अडकले. मग मराठीत सुरू केलं, "आपल्या मजल्यावर मुलींचं स्वच्छतागृह नाही, दोन मजले खाली जावं लागतं, आणि दहा मिनिटांच्या सुट्टीत जाऊन येणं होत नाही." एवढंच बोलले. शांतता झाली. मुलग्यांपैकी बऱ्याच जणांना हे माहीतच नव्हतं.

दोन मिनिटांच्या वर बोलू नका. एकच गोष्ट बोला. तुमच्या पहिल्या पोस्टमधली मामांची आणि किल्ल्यांची गोष्ट तशीच सांगा. आणि रात्रीअपरात्री येणाऱ्या फोनचं पहिल्याच दिवशी स्पष्ट करा: नऊनंतर फक्त मेसेज. मुलींना याचा जास्त त्रास होतो.

फळा_डस्टर

मी संगणकशास्त्र शिकवतो, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून लिहितो.

लॅब सहाला बंद होते ती बहुधा कोणाच्या हट्टापायी नाही. लॅब सहायकाची ड्युटी संपते. त्यानंतर काही हरवलं तर जबाबदार कोण, हे ठरलेलं नसतं. "लॅब उघडी ठेवा" अशी मागणी आली की विभागप्रमुखाला पहिली आठवण साठ्याच्या नोंदवहीची होते. त्यामुळे मागणी अशी आणा की त्याला होकार देणं सोपं जावं. आठवड्यातून दोनच दिवस, आठपर्यंत. एक संशोधक विद्यार्थी उपस्थित राहील, त्याची लेखी संमती जोडलेली. येणाऱ्याची सही, यंत्राचा क्रमांक, येण्याजाण्याची वेळ. एक महिना प्रायोगिक.

दुसरा रस्ता म्हणजे मोठं काम रात्रभर लॅबच्या सर्व्हरवर चालू द्यायचं. एसएसएचने (दुरून) लॉगिन आणि टीमक्स हा प्रोग्राम, म्हणजे मॉनिटर बंद झाला तरी काम चालू. त्या मुलाचे तीन तास यानेही वाचले असते. हे आम्ही शिक्षकांनी पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवं.

पिंपळपान म्हणतात ते शंभर टक्के खरं, लेखी द्या. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी नॅक विद्यार्थ्यांचा सहभाग पाहते, आयक्यूएसीवर (संस्थेच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षावर) विद्यार्थी सदस्य असतो. शिवाय २०२३ च्या यूजीसी विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी, त्यात विद्यार्थी प्रतिनिधी विशेष निमंत्रित असतो आणि समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. हा दरवाजा आहे हे माहीत असू द्या, पण आधी विभागात बोला. माझ्याकडे मुलं थेट तक्रार घेऊन वर गेली तेव्हा मला वाईट वाटलं होतं, कारण मी ते काम करून दिलं असतं.

मधली_सुट्टी

सर, माझ्या वेळी तुमच्यासारखं कोणी हे सांगितलं असतं तर माझा पहिला प्रतिसाद वेगळा असता. कंदील, मी म्हणणं मागे घेतो. राहा उभ्या. फक्त चहा-नाश्ता आणायला जाऊ नका.

कंदील

सगळ्यांचे मनापासून आभार. अर्ज भरला. वर्गातली एक मैत्रीण सूचक, आणि तो कंट्रोल-सीवाला मुलगा अनुमोदक.

रातकिडा यांचं ऐकून मोजायला लागले. रोज साडेपाच ते सहा, वहीत: कोण, कोणतं यंत्र, काम पुरं झालं की अर्धं राहिलं. बारा दिवसांत अर्धवट उठल्याच्या ८३ नोंदी झाल्या. पण माणसं मोजली तर फक्त १६. तेच ते १६ पुन्हा पुन्हा उठताहेत. मला वाटलं होतं आम्ही चार-पाचच आहोत. त्यांतल्या सात जणांशी मी याआधी कधी बोललेच नव्हते.

चिठ्ठ्यांना सर तयार झाले. पसंतीक्रमाला नाही म्हणाले, "गोंधळ होईल." उद्या दुपारी मतदान.

जास्वंद

उद्या पाण्याची बाटली जवळ ठेवा. आणि मराठीत बोला.

अर्धविराम

१६ हा आकडा पहिल्या वाक्यात. शुभेच्छा!

कंदील

निकाल लागला. एकूण ५६ मतं. वर्गात पहिला येणारा २३, मी २०, तिसरा १२, एक बाद. तीन मतांनी गेलं.

भाषण मराठीतच केलं, मध्ये दोन वाक्यं हिंदीत, कारण वर्गात नऊ जण महाराष्ट्राबाहेरचे आहेत. वही हातात धरली होती. हात थरथरत होता हे पहिल्या बाकावरच्यांना दिसलं असणार.

रात्री हॉस्टेलवर रडले, ते लपवत नाही. सकाळी तो निवडून आलेला मुलगा लॅबबाहेर भेटला. म्हणाला, "तुझी वही दे, मी बैठकीत मांडतो." मी म्हटलं, वही देते, पण मीही येणार. त्याने सरांना विचारलं. सर हो म्हणाले.

चौथी_मिती

१२ चिठ्ठ्यांवर दुसरी पसंती असती तर…

कंदील

माहीत नाही. आता त्याचा विचार करत नाही.

तळटीप

तो म्हणाला "वही दे" आणि तुम्ही म्हणालात "मीही येणार". हे मला त्या वयात सुचायला हवं होतं. बैठकीत काय झालं ते नक्की लिहा.

कंदील

बैठक झाली. फळा_डस्टर सरांनी सांगितलं तसाच अर्ज केला होता, दोन प्रती, शिक्का घेतला (पिंपळपान ताई, आवक क्रमांक आहे माझ्याकडे!). सोमवार आणि गुरुवार, आठपर्यंत, एक महिना. एक पीएच.डी.वाली ताई थांबायला तयार झाली. किल्ली तिच्याकडे. मामांना मी आधीच जाऊन सांगितलं होतं की तुमची ड्युटी वाढणार नाही. ते म्हणाले, "मग मागच्या रांगेतलं अकरा नंबरचं मशीन लावू नका, त्याचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) तापतो."

सर्व्हरच्या लॉगिनचं मात्र अडकलं आहे. सिस्टिम अॅडमिन म्हणतात, १६ जणांना खाती दिली तर एकजणच सगळी मेमरी खाईल.

फळा_डस्टर

प्रत्येक खात्याला मर्यादा घालता येते. लिनक्समधली सीग्रूप्स ही सोय वापरा. आमच्याकडे चालू असलेली सेटिंग मी त्यांच्यासाठी लिहून पाठवतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

बायनरी_भाकरी

आणि अकरा नंबरचा एसएमपीएस कुठल्या कंपनीचा, किती वॉटचा आहे ते बघून सांगा. माझ्याकडे दोन चांगले पडून आहेत. शनिवारी पुण्यात आहे.